समुद्रसपाटीच्या दाबावरून खानदेशातल्या दिवसांचे प्रकार कसे पाडायचे

मे महिन्यात रावेरकडच्या मळ्यातून पुतण्याचा फोन आला. "काका, सकाळी दहाला मोबाइलवर हवेचा दाब ९८० दाखवत होता, आता चार वाजता ९७६ आहे. चार उतरला. वादळ येतंय का?" केळीची बाग निसवलेली होती. अशा वेळी एक जोराची वावटळ आली की झाड घडासकट आडवं होतं, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता. मी विचारलं, "काल चार वाजता किती होता?" काल त्यानं पाहिलाच नव्हता. "मग उद्या दहाला परत बघ." दुसऱ्या दिवशी दहाला आकडा पुन्हा ९८० वर होता.

आपल्या अक्षांशावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. समुद्राला भरती-ओहोटी असते तसंच हे वातावरणाचं रोजचं चक्र, आणि त्याचा झोका तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत (हे दाब मोजायचं एकक) जातो. हवामान खरोखर बदलतं तेव्हा खानदेशात एका दिवसात दाबात पडणारा फरक बऱ्याचदा याहून लहान असतो. म्हणून इथे दाबावरून काही ठरवायचं तर एका ठिकाणचा आकडा पुरत नाही. आजूबाजूच्या दाबाचा आकार बघावा लागतो. जास्त दाब कुठे, कमी कुठे आणि उतार कोणत्या दिशेला, हे पाहून प्रत्येक दिवसाला एक प्रकार द्यायचा, हे काम कसं करायचं ते पुढे सांगतो. ज्याला पायथन थोडंफार येतं त्याला सगळं जमेल. ज्याला येत नाही त्याला पहिला अर्धा भाग एक्सेलवर करता येईल.

मूळ पद्धत आणि तिची मर्यादा

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या ह्यूबर्ट लँब यांनी १८६१ पासूनचे नकाशे डोळ्यांनी पाहून ब्रिटिश बेटांवरच्या प्रत्येक दिवसाला एकेक प्रकार दिला आणि ती यादी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. डोळ्यांचं काम माणसागणिक बदलतं, म्हणून जेन्किन्सन आणि कॉलिसन यांनी १९७७ मध्ये तेच काम सोळा बिंदूंवरच्या दाबावरून गणिताने करून दाखवलं. पश्चिम-पूर्व वारा किती, दक्षिण-उत्तर वारा किती आणि हवेला वळण किती, हे तीन आकडे काढायचे. वळण वाऱ्यापेक्षा कमी असेल तर दिवस 'दिशेचा'. दुपटीहून जास्त असेल तर 'कमी दाबाचा' किंवा 'जास्त दाबाचा'. मधला असेल तर मिश्र. असे २६ प्रकार होतात. वाऱ्याचा एकूण जोर आणि वळण दोन्ही सहाच्या खाली असतील तर दिवस 'अवर्गीकृत', हा सत्ताविसावा.

हा 'सहा' त्यांच्याकडच्या हवेवर बेतलेला आहे. तो जसाच्या तसा जळगावला लावला तर थंडीतले आणि ऋतू पालटण्याच्या काळातले पुष्कळ दिवस अवर्गीकृतात जाऊन पडतील, कारण आपल्याकडे दाबाचा उतार मंद असतो. म्हणून पद्धतीचा गाभा घ्यायचा आणि उंबरे आपल्या आकड्यांवरून ठरवायचे.

डेटा

युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेचा ईआरए५ हा संच नावनोंदणी करून फुकट मिळतो. तो १९४० पासूनचा आहे, दर तासाचा आणि पाव अंशाच्या जाळीवरचा. त्यातला 'समुद्रसपाटीचा सरासरी दाब' एवढा एकच घटक घ्या. पाव अंशाची गरज नाही. दाबाचं क्षेत्र सपाट आणि सलग असतं, एक अंशाची जाळी पुरते आणि फाइल हलकी राहते. आकडे पास्कलमध्ये येतात, त्यांना शंभराने भागून हेक्टोपास्कल करा. हे विसरलात तर पुढचे सगळे उंबरे शंभरपट चुकतील.

चौकट घ्या १० ते २८ अंश उत्तर आणि ६५ ते ९० अंश पूर्व. खानदेशासाठी एवढी मोठी कशाला, असं वाटेल. पण तापीच्या खोऱ्यात परवा पाऊस देणारं कमी दाबाचं क्षेत्र आज ओडिशाच्या किनाऱ्यावर असतं. तिथून ते छत्तीसगड, मध्य प्रदेश असं वायव्येकडे सरकतं. चौकट फक्त नंदुरबार-धुळे-जळगावची ठेवली तर पाहुणा दारात आल्यावरच दिसेल. चौकट फार वाढवली तर गट हिमालयापलीकडच्या घडामोडींवरून पडतील. २८ च्या वर मी जात नाही त्याचं आणखी एक कारण आहे. पाच हजार मीटरच्या पठारावर 'समुद्रसपाटीचा दाब' म्हणजे जमिनीखाली नसलेल्या हवेचा अंदाज असतो. चौकटीच्या आतही १५०० मीटरपेक्षा उंच बिंदू वगळा.

हीच गोष्ट आपल्या घरच्या आकड्याची. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथला प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा वीस-पंचवीस हेक्टोपास्कलने कमी भरतो. मोबाइलवर ९८० दिसतो तो यामुळे. दोन्ही आकडे एका तक्त्यात कधी मिसळू नका.

काळ घ्या १९९१ ते २०२०, म्हणजे १०,९५८ दिवस.

आता वेळ. इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. ईआरए५ ची वेळ जागतिक असते, आपली तिच्या साडेपाच तास पुढे. भारतीय हवामान विभागाचा दिवसाचा पाऊस मोजतात सकाळी साडेआठला, आणि त्या तारखेखाली आदल्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस लिहिलेला असतो. म्हणजे १० जुलैच्या नावावरचा बराचसा पाऊस ९ जुलैला पडलेला असतो. मी पहिल्या खेपेला तारखेला तारीख जोडली. निकाल असा आला की मॉन्सूनचा आस (उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांबट पट्टा) उत्तरेला सरकल्याच्या दिवशी जळगावात पाऊस जास्त आणि कमी दाब जवळ असताना कमी. दोन महिने मी सूत्रांत चूक शोधत बसलो. सूत्रं बरोबर होती, चुकली होती फक्त एका दिवसाची जुळणी.

उपाय सोपा आहे. १० जुलैच्या पावसासाठी ९ जुलैचे जागतिक वेळेचे ६, १२ आणि १८ वाजताचे दाब आणि १० जुलैचा ० वाजताचा दाब घ्या आणि चारांची सरासरी काढा. आपल्या घड्याळात हे होतात सकाळचे ११:३०, संध्याकाळचे ५:३०, रात्रीचे ११:३० आणि पहाटेचे ५:३०. चारही पावसाच्या त्याच चोवीस तासांत बसतात. शिवाय सहा-सहा तासांच्या चार नोंदींच्या सरासरीत दिवसातून दोनदा येणारी ती भरती-ओहोटी आपोआप कटते. ज्या झोक्याने पुतण्याला घाबरवलं तो इथेच निकाली निघतो.

आधी पाच बिंदूंवर हात बसवा

थेट संगणकाला गट पाडायला लावू नका. आधी पाच बिंदू घ्या आणि एक महिनाभराचे दिवस हाताने करा. मध्यबिंदू २१ उत्तर, ७५ पूर्व, म्हणजे जळगावच्या जवळच. उत्तरेला २६ उत्तर, ७५ पूर्व, त्याला सोयीसाठी 'जयपूर' म्हणू. दक्षिणेला १६ उत्तर, ७५ पूर्व, 'बेळगाव'. पूर्वेला २१ उत्तर, ८० पूर्व, 'नागपूर'. पश्चिमेला २१ उत्तर, ७० पूर्व, 'वेरावळ'. शहरं नेमकी त्या बिंदूवर नाहीत, पण नावं असली की नकाशा डोक्यात राहतो.

तीन आकडे काढायचे. पश्चिम वारा म्हणजे बेळगाव वजा जयपूर. दक्षिण वारा म्हणजे नागपूर वजा वेरावळ, गुणिले १.०७. रेखांशाचा एक अंश आपल्या अक्षांशावर थोडा आखूड असतो, त्याची ही भरपाई. वळण म्हणजे चारी बाजूंच्या दाबांची बेरीज वजा मध्यबिंदूच्या दाबाची चौपट. वळण धन आलं तर आपण खोलगटात आहोत, ऋण आलं तर उंचवट्यावर.

हिशेब समजावा म्हणून दोन कल्पित दिवस घेऊ. पहिल्या दिवशी बेळगाव १००६.५, जयपूर ९९९.०, नागपूर १००१.०, वेरावळ १००२.५ आणि मध्य १००२.०. पश्चिम वारा ७.५. दक्षिण वारा उणे १.६, म्हणजे किंचित उत्तरेचा. वर्ग करून मिळवा आणि मूळ काढा, एकूण जोर ७.७. वळण १००६.५ + ९९९ + १००१ + १००२.५ वजा ४००८, म्हणजे १.०. वळण जोरापेक्षा खूप कमी. हा सरळ 'पश्चिम' प्रकारचा दिवस. ढग धावत येतात, घाटमाथा झोडपतात आणि आपल्याकडे पोचेपर्यंत रिकामे होतात. पारोळा-अमळनेरचा माणूस हा दिवस बरोबर ओळखतो. आभाळ भरलेलं, वारा भन्नाट आणि जमीन कोरडी.

दुसऱ्या दिवशी बेळगाव १००५.०, जयपूर ९९९.५, नागपूर ९९६.५, वेरावळ १०००.५, मध्य ९९९.०. पश्चिम वारा ५.५, दक्षिण वारा उणे ४.३, जोर ७.०, दिशा वायव्य. वळण ५.५. जोराच्या बरंच जवळ आलं. कमी दाब पूर्वेला नागपूरकडे आहे आणि आपण त्याच्या पश्चिम कडेला. अशा क्षेत्राच्या नैऋत्य भागात पावसाचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून ते आणखी थोडं पश्चिमेला सरकलं की तापी, वाघूर, गिरणेच्या खोऱ्यांवर नजर ठेवायची. ते पश्चिम मध्य प्रदेश ओलांडून गुजरातकडे गेलं की वेरावळचा दाब नागपूरपेक्षा खाली जातो, दक्षिण वारा धन होतो आणि वारा नैऋत्येकडून येऊ लागतो.

कमी दाब कोणत्या अंगाला ते कळत नसेल तर डच शास्त्रज्ञ बायस बॅलो यांचा १८५७ चा नियम वापरा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. वायव्येचा वारा असेल तर डावा हात ईशान्येकडे जातो, म्हणजे कमी दाब त्या अंगाला. आपल्याकडे जमिनीजवळ वारा थोडा आत वळतो, सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर त्याला तापीच्या पट्ट्यात कोंडतात, त्यामुळे अंगणातला वारा नकाशाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. शेतात उभं राहून तपासायचं तर ढगांची चाल बघा, धुराची नको.

वळणाचा उंबरा मूळ पद्धतीतला इथे चालत नाही, कारण आपलं सूत्रच साधं केलेलं आहे. तीस वर्षांचे जून ते सप्टेंबरचे वळणाचे आकडे एका रांगेत लावा. वरचे पंधरा-वीस टक्के 'कमी दाबाचे' दिवस धरा. जोर सर्वांत कमी असलेले दहा-पंधरा टक्के 'सपाट'. हे टक्के माझ्या मताने आहेत. तुमच्या तालुक्याच्या पावसाशी ताडून ते हलवा.

पूर्ण नकाशावरून गट

पाच बिंदूंवर हात बसला की पूर्ण चौकटीकडे वळा. इथे पहिलं काम ऋतू काढून टाकण्याचं. जानेवारीत आपल्याकडे समुद्रसपाटीचा दाब १०१५ च्या आसपास असतो, जुलैत १००२ च्या. कच्चे आकडे दिले तर संगणक 'हिवाळा' आणि 'पावसाळा' असे दोन गट काढून मोकळा होईल, आणि ते आपल्याला कॅलेंडरवरून आधीच माहीत आहे. प्रत्येक तारखेची तीस वर्षांची सरासरी काढा, तिला २१ दिवसांच्या सरकत्या सरासरीने गुळगुळीत करा आणि रोजच्या नकाशातून ती वजा करा. मग उरलेल्या नकाशातून त्या दिवसाची सगळ्या बिंदूंची सरासरी वजा करा, म्हणजे एकूण पातळी जाऊन फक्त उतार उरेल. वारा उतारावर चालतो.

ऋतूही वेगळे ठेवा. जून ते सप्टेंबरचे ३,६६० दिवस एका बाजूला, डिसेंबर ते फेब्रुवारी दुसऱ्या बाजूला. मार्च ते मेबद्दल पुढे बोलतो.

प्रत्येक बिंदूला अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गमुळाचं वजन द्या. नंतर मुख्य घटक विश्लेषण, जे पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये तयार मिळतं. शेजारशेजारचे बिंदू जवळपास तेच सांगतात, त्यामुळे चारशेहून जास्त आकड्यांतला नव्वद टक्के फरक बहुधा दहाच्या आतल्या घटकांत मावतो. त्या घटकांवर के-मीन्स, म्हणजे एकमेकांसारखे दिवस एकत्र करून गट पाडणारी पद्धत, चालवा. सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणांहून किमान पन्नास वेळा करायला सांगा आणि यादृच्छिक बीज एकच ठेवा, नाहीतर दर वेळी गटांचे क्रमांक बदलतील आणि कालची वही आज निरुपयोगी ठरेल.

किती गट? यावर मंडळी फार अडतात. हवामान सलग असतं, त्यात नैसर्गिक भिंती नसतात, म्हणून कुठलाही मापदंड 'सातच' असं ठामपणे सांगणार नाही. पाच ते दहापर्यंत प्रत्येक संख्येने करून बघा. सम सालांवर गट पाडा, विषम सालांवर वेगळे पाडा, आणि दोन्हींच्या सरासरी नकाशांची जोडी जुळते का ते पाहा. ज्या संख्येला सगळ्या जोड्या जुळतात तिच्यापर्यंत जा, पुढे नको. मला पावसाळ्यासाठी सहा-सात बरे वाटतात, कारण तेवढ्यांची नावं मला सांगता येतात. ज्या गटाला नाव देता येत नाही तो बहुधा दोन गटांच्या मधला गाळ असतो.

नाव देताना गटाचे सगळे दिवस घेऊन दाबाचा सरासरी नकाशा काढा, एकदा फरकाचा आणि एकदा खऱ्या आकड्यांचा. फक्त फरकाचा नकाशा पाहिला तर 'कमी' दिसणारा भाग खऱ्या नकाशात कमी दाबाचं क्षेत्र असेलच असं नाही. मॉन्सूनचा आस गंगानगरपासून बंगालच्या उपसागराच्या माथ्यापर्यंत असतो. तो नेहमीच्या जागेच्या दक्षिणेला आला तर सक्रिय प्रकार. हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला तर पावसाच्या खंडाचा. बाकी ओडिशाकडे कमी दाब, मध्य प्रदेश-गुजरातवर कमी दाब, कोकण-गुजरात किनाऱ्याला समांतर पट्टा आणि सपाट दिवस, अशी नावं मिळतात का ते शोधा.

हिवाळ्यात चित्र साधं असतं. पश्चिमी झंझावात उत्तरेतून पुढे गेला की मागे राजस्थान-गुजरातवर दाब वाढतो आणि उत्तरेचा कोरडा गार वारा तापीच्या पट्ट्यात उतरतो. किमान पारा दहाच्या खाली गेला की केळीला चरका बसतो, घडांची वाढ अडते. या एका गटासाठी सुद्धा हिवाळ्याची वर्गवारी करावी, असं मला वाटतं. तिला पावसाऐवजी किमान तापमानाशी ताडा.

पावसाशी ताडणे

गट पाडताना पाऊस कुठेच वापरला नाही, म्हणून तो परीक्षक म्हणून वापरता येतो. हवामान विभागाचा पाव अंशाच्या जाळीवरचा रोजचा पाऊस १९०१ पासून उपलब्ध आहे. जवळच्या महसूल मंडळाची नोंद असेल तर तीही घ्या. प्रत्येक गटासाठी दोन गोष्टी काढा: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसांचं प्रमाण, आणि ६४.५ च्या वरच्या दिवसांचं. सगळ्या दिवसांच्या प्रमाणाशी तुलना करा. सगळ्या गटांचं प्रमाण सारखंच आलं तर वर्गवारी तुमच्या उपयोगाची नाही, मग नकाशे कितीही सुरेख दिसोत.

खानदेश एक धरू नका. नवापूर-अक्कलकुव्याला घाटाचा पाऊस मिळतो. धुळे-शिंदखेडा पर्जन्यछायेत. रावेर-यावलला पूर्वेकडून येणाऱ्या क्षेत्राचा फायदा. सरळ पश्चिमेचा दिवस नवापूरला ओला आणि शिंदखेड्याला कोरडा निघाला तर ती चूक नाही. तिन्ही पट्ट्यांचे तक्ते वेगळे करा.

मग ओळखीचे काळ तपासा. ७ ते ९ ऑगस्ट २००६ च्या सुमारास तापीला महापूर येऊन सुरत बुडालं. हे दिवस तुमच्या कमी दाबाच्या गटांत पडलेच पाहिजेत. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. तो आपल्या तीस वर्षांच्या बाहेरचा आहे, म्हणून परीक्षा खरी. तो महिना घेऊन त्याच सरासऱ्या वजा करा, त्याच घटकांवर टाका आणि प्रत्येक दिवस सर्वांत जवळच्या गटाला द्या. खंडाच्या प्रकाराचे दिवस ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत, तर नाव देताना तुम्ही चुकलात.

मार्च ते मेमध्ये ही पद्धत लंगडी पडते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीसारखी संकटं वरच्या थरांतल्या हवेमुळे येतात. जमिनीवरच्या दाबाच्या नकाशात त्यांची खूण अंधूकच असते. त्यासाठी ५०० हेक्टोपास्कलच्या पातळीची उंची आणि वारे घ्यावे लागतात. फक्त समुद्रसपाटीच्या दाबावरून अवकाळीचा इशारा कुणी देत असेल तर त्यावर विसंबून कांदा उघड्यावर ठेवू नका.

रोजच्या वापरात

कोणत्या प्रकारानंतर कोणता येतो याचा तक्ता बनवा. 'आज ओडिशाकडे कमी दाब' यानंतर दोन दिवसांनी किती वेळा 'मध्य प्रदेशावर कमी दाब' आला, हे तीस वर्षांच्या दिवसांतून मोजा. कपाशीवर फवारणी कधी घ्यायची, खत आज द्यायचं की थांबायचं, याला हा तक्ता उपयोगी पडतो. हवामान विभागाच्या अंदाजाशी तो विसंगत दिसला तर अंदाज माना, कारण त्यात वरचे थर, उपग्रह आणि रडार आहेत, आपल्याकडे फक्त दाब आहे.

अंदाजाच्या नकाशांनाही प्रकार देता येतो. एक गोष्ट मात्र सांभाळा. तीस वर्षांच्या दिवसांचं आपापल्या गटाच्या मध्यापासूनचं अंतर काढा आणि ९५ टक्के दिवस ज्याच्या आत येतात तो आकडा लिहून ठेवा. नवा दिवस त्याहून लांब पडला तर त्याला कुठल्याच गटात कोंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि जोर कमी होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकलं. असा नकाशा के-मीन्सपुढे ठेवला तर तो बिनदिक्कत एखाद्या 'किनाऱ्याला समांतर पट्टा' गटात टाकेल, कारण त्याला कुठेतरी टाकायलाच सांगितलेलं असतं. अशा दिवसांची वेगळी यादी ठेवा, प्रत्येकापुढे तारीख, नकाशा आणि आपल्या गावात काय झालं ते लिहा.